यादीत राहिलेलं दार

२१ फेब्रुवारी

छोटे,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाचशील की नाही कोण जाणे, म्हणून कामाचं आधी लिहिते.

घराची विमा पॉलिसी आईच्या नावावर होती आणि वारस आपण दोघी. क्लेमच्या कागदांबरोबर दोघींचं संमतिपत्र लागतं, त्याशिवाय रक्कम मिळत नाही. सोबतच्या कागदावर पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे सही कर, ओळखपत्राची प्रत जोड आणि परत पाठव. फोन करत नाही. तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मला बोलायला सुचणार नाही. आईला निरोप द्यायला आलीस तेव्हा तरी कुठे सुचलं? मी पहिल्या रांगेत होते, तू शेवटच्या. मागे वळले तोवर तू गेली होतीस.

आग लागल्यावर कंपनीला लगेच कळवायचं असतं, जळकं सामान हलवायचं नसतं, सगळ्याचे फोटो काढून ठेवायचे असतात, हे मला कुठून माहीत असणार! समोरच्या घरातल्या मास्तरांनी सांगितलं. पॉलिसीचा कागदच जळाला, आता नंबर कुठला द्यायचा म्हणून मी रडायला लागले तर म्हणाले, "अहो, हप्ता बँकेतूनच जातो ना? मग बँकेत नोंद असेल." होती. बँकेच्या बाईंनी छापून दिली. त्यांनी मला पाणीसुद्धा दिलं. हल्ली लोक मला पाणी फार देतात.

कसं झालं ते तुला कळायला हवं. गुरुवारी दुपारी आमचं चष्म्याचं दुकान बंद असतं तेव्हा मी आईची औषधं आणायला गेले होते. दार ओढून घेतलं होतं. आईनं ओली चादर हीटरवर वाळत घातली असावी, असं अग्निशमनवाले म्हणाले. रात्री चादर ओली झाली की ती माझ्यापासून लपवायची. मी परतले तेव्हा खाली बंब उभा होता. एवढंच. फॉर्मवरही मी एवढंच लिहिलं आहे.

मी सध्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. मालकांनी दिली. जुन्या फ्रेमच्या खोक्यांमध्ये एक खाट बसते. बरी आहे.

सही लवकर पाठव.

ताई


७ मार्च

छोटे,

पाकीट आलं. संमतिपत्र कोरं, आणि त्याच्या मागे तुझ्या अक्षरात तीनच शब्द. "कुलूप होतं का?"

ना ताई, ना तुझी, ना नमस्कार. बरं आहे.

आधी इकडचं सांगते. कंपनीनं सर्व्हेअर पाठवला. नुकसान किती झालं ते बघून लिहिणारा माणूस. साठीला टेकलेला, बारीक, बुटांना काळं लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आला. मला वाटलं होतं, असा माणूस आल्या आल्या संशय घेत बसेल. तो आधी दाराबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आत यायलाच हवं असं नाही. मी बघतो." मी आत गेले नाही. अजून गेलेले नाही.

त्याला यादी हवी आहे. घरात काय काय होतं, कधी घेतलं, कोणत्या स्थितीत होतं, पावती असली तर पावती. पावत्या कुठल्या असायला! मी म्हटलं, मला काहीच आठवत नाही. त्यावर त्यानं एक युक्ती सांगितली. "डोळे मिटा. खोलीत भिंतीला पाठ लावून उभ्या आहात असं समजा. डाव्या हातापासून सुरू करा आणि उजव्या हातापर्यंत या. जे दिसेल ते लिहा. घाई करू नका. आणि नव्हतं ते लिहू नका, होतं ते सोडू नका."

मग मी रोज दुपारी या खोक्यांमध्ये बसून तेच करते. डावीकडे लोखंडी कपाट, त्याचा खालचा कप्पा नीट लागायचा नाही. त्याच्या शेजारी शिलाई मशीन. तुझा शाळेचा उसवलेला निळा स्वेटर तिनं त्याच्यावर परत शिवला होता, आठवतं? मग खाट. मग बाबांची घडी होणारी खुर्ची. कपाट पंधरा वर्षांचं, म्हणजे त्यांच्या हिशेबानं जवळजवळ नाहीच. वस्तू वापरली की तिची किंमत झिजते म्हणे, आणि ती झीज वजा होते. मशीनच्या पुढे मी "चालू स्थितीत" लिहिलं. ते शेवटपर्यंत चालू होतं, यात खोटं काही नाही.

पण छोटे, खोलीत आई असते.

पहिल्या दिवशी ती खाटेवर बसलेली होती. मला वाटलं, साहजिक आहे, इतकी वर्षं ती त्या खाटेवरच बसायची. दुसऱ्या दिवशी मी कपाटापासून सुरुवात केली तर ती मशीनपाशी उभी. मी लिहीत राहिले. तिसऱ्या दिवशी ती दाराकडे तोंड करून उभी होती, पाठमोरी. पांढरी वेणी, डाव्या खांद्यावरून घसरलेला गाऊन. ती उघड्या तळव्यानं दारावर थापा मारत होती. जोरात नाही. शेजारणीच्या घरी सहज गेल्यासारख्या.

मी डोळे उघडले. थापा थांबल्या नाहीत. खाली दुकानात कुणी काउंटर पुसत असेल म्हणून जिना उतरले. दुकान बंद होतं, दुपारचंच. भिंतीवरच्या आरशांमध्ये मी सहा-सात वेळा दिसले, बाकी कुणी नाही. घड्याळात चार वाजून गेले होते.

काल सर्व्हेअर यादी न्यायला आला. चष्मा कपाळावर चढवून सगळी वाचली. म्हणाला, "छान केलीत. पडद्याच्या दांड्यासुद्धा आल्यात. एक राहिलंय."

"काय?"

"दार. खिडक्या लिहिल्यात, मोरीचं दार लिहिलंत. घराचं दार नाही लिहिलंत."

मी म्हटलं, "लिहिते."

लिहिलेलं नाही अजून.

संमतिपत्राची नवी प्रत सोबत ठेवली आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्या पत्रात दिलं आहे. दार ओढून घेतलं होतं.

ताई


१९ मार्च

छोटे,

कंपनीचं पत्र आलं. तुला त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवते, म्हणजे मी काही गाळलं असं तुला वाटायला नको. "आपण दावा अर्जात दार ओढून घेतले असल्याचे नमूद केले आहे. अग्निशमन दलाच्या अहवालानुसार दारास बाहेरून कुलूप होते व ते तोडून प्रवेश करावा लागला. या तफावतीबाबत पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे निर्णय घेण्यात येईल."

पत्र हातात घेऊन मी मास्तरांकडे गेले. ते आणि त्यांची आजारी बायको सध्या मुलीकडे आहेत, बंबाच्या पाण्यानं भिजलेल्या भिंती वाळेपर्यंत. मला बघून मास्तर उठून उभे राहिले. ते कधी माझ्यासाठी उठत नाहीत, गुडघे दुखतात त्यांचे.

"मला विचारायला आले होते कंपनीचे," ते म्हणाले. "मी खरं ते सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की ती दार वाजवत होती. मी ऐकलं होतं."

मी खुर्चीच्या पाठीला धरलं.

"रोज वाजवायची हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही गेलात की अर्ध्या तासानं सुरू व्हायची. आधी आधी मी जाऊन बाहेरून बोलायचो, म्हणायचो, येतेय हं तुमची मुलगी. मग कमी केलं. त्या दिवशीही ऐकलं आणि कूस बदलली. मला काय माहीत, त्या दिवशीची थाप वेगळी आहे!"

त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, "कोण आलंय?" आणि मास्तर म्हणाले, "कुणी नाही."

म्हणजे मला जे ऐकू येतं ते मी मनानं रचलेलं नाही. ते घडलेलं आहे. दुसऱ्या कुणीतरी ऐकलेलं आहे.

दुकानात मालकांना पत्र दाखवलं. मालक चांगला माणूस, तुला माहीत आहे, गेली तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "हीच फ्रेम तुमच्यासाठी बनलीय" म्हणत आलाय. ते म्हणाले, "लिहून टाका, दाराला कडी होती, वाऱ्यानं लागली. नाहीतर लिहा, आत जादा किल्ली होती, आजींना सापडली नाही. कोण बघायला येणार? कुलूप आहे म्हणालात तर हात झटकतील. निष्काळजीपणा म्हणतील आणि फाईल बंद. मग घर कशातून उभं करणार? आगीनं तडकलेली मास्तरांची भिंत कोण बांधून देणार?"

मी रात्रभर खुलाशाचे तीन मसुदे केले. एकात कडी आहे, एकात जादा किल्ली आहे. तिसऱ्यात मी काही लिहिलेलंच नाही, वरती कंपनीचा पत्ता आणि "महोदय" एवढंच.

तू सही का करत नाहीस ते मला कळतं. तुला वाटतं तसं नाही, एवढंच म्हणते.

ताई


२८ मार्च

छोटे,

तुला वाटतं तसंच आहे.

कुलूप होतं. बाहेरून. मी लावलं होतं. किल्ली माझ्या पर्सच्या छोट्या कप्प्यात होती, आणि अजून तिथेच आहे.

सहा वर्षांपूर्वी तू त्या वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आलीस आणि मी तो तुझ्यासमोर फाडला. काय म्हणाले होते ते मला अक्षरशः आठवतं, तुलाही आठवत असणार. "तिथे संध्याकाळी दारं लावून घेतात. माझ्या आईला मी कुलपात ठेवणार नाही. तुला जड झाली असेल, मला नाही." तू तेव्हाच म्हणाली होतीस, "ताई, तुला एकटीला झेपणार नाही." मी तुला घराबाहेर काढलं. हाताला धरून नाही, पण काढलंच.

नंतर चार वर्षांनी आई घरातून बाहेर पडायला लागली. तिसऱ्या वेळी एका नळदुरुस्तीवाल्यानं तिला आणून सोडलं. पायात काही नव्हतं, तळवे सोलवटले होते. ती मला म्हणाली, "या बाई मला घरी जाऊ देत नाहीत." मी पाय धुतले, मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, कशासाठी हवंय, म्हणजे त्या मापाचं देतो. मी म्हटलं, सामानाच्या खोलीसाठी.

तेव्हा तुला फोन केला असता तर तू आली असतीस. तुला न सांगण्यात माझा हट्ट होता. आईची काळजी त्यात नव्हती. तुला बोलावणं म्हणजे तू बरोबर होतीस असं कबूल करणं.

आता गुरुवारचं. मी औषधं आणायला गेले नव्हते. औषधं बुधवारीच आणली होती. इतर दिवशी दुकान दोनला बंद झालं की मी घरी जायचे, तिला भरवायचे, पाचला परत. गुरुवारी मात्र मी एक पाऊण तासात सगळं आवरून पुन्हा दुकानावर यायचे. मागे डोळे तपासायची खोली आहे. खिडकी नाही, भिंती काळ्या, मागे रेलणारी खुर्ची. अक्षरांच्या तक्त्यामागचा दिवा विझवायचे, मोबाईल बंद करायचे आणि त्या खुर्चीत झोपायचे. दीड तास. गेलं जवळजवळ वर्षभर. घरी रात्री ती दर तासाला उठायची, छोटे. मला आठवड्यातले दीड तास कुणीही हाक मारायला नको होती.

त्या दिवशी मला फार छान झोप लागली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. उठले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की पाचच्या आत आईला एकदा बघून यावं म्हणून मी रस्त्यानं गुणगुणत निघाले. वळणावर बंब दिसला तेव्हाही पहिल्यांदा मनात आलं, अरेरे, कुणाचं घर!

काल मी खुलासा लिहून स्वतः कार्यालयात नेऊन दिला. त्यात लिहिलं, कुलूप मी लावलं होतं, का लावलं होतं, मी कुठे होते, आणि पहिल्या अर्जात मी खोटं लिहिलं. पोलिसांकडेही माझा जबाब दुरुस्त करून आले. त्यांनी अपघात म्हणून नोंद केली होती. परत बोलावलं तर जाईन. कंपनीतल्या बाईंनी पोच म्हणून शिक्का मारून दिला आणि म्हणाल्या, "प्रत जपून ठेवा."

क्लेम बहुतेक जाईल. जाऊ दे. तू सही केलीस काय, नाही केलीस काय, आता त्याला अर्थ राहणार नाही. म्हणून हे पत्र सहीसाठी नाही.

यादीत दार लिहिलं. "सागवानी, एका झडपेचं, कडी बाहेरून, कुलूप पितळी."

ताई


१६ एप्रिल

छोटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

सर्व्हेअर आला होता, बुटांना पिशव्या न बांधता. त्याचं काम झालंय. खाली दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला आलो म्हणाला, पण काडी नीटच होती.

मी म्हटलं, "फाईल बंद झाली ना?"

"का होईल?"

"कुलूप."

तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "बाई, लोक चुकतात म्हणूनच विमा असतो. गॅस चालू राहतो, इस्त्री चालू राहते, म्हातारं माणूस चादर हीटरवर टाकतं. कुणी कधी चुकलंच नसतं तर मी आज भाजी विकत असतो. मुद्दाम लावलेली आग आम्ही भरून देत नाही. चुकून लागलेली देतो. फाईल बुडते ती खोट्यानं. तुमच्या त्या पहिल्या अर्जानं बुडणार होती. निर्णयाआधी स्वतःहून दुरुस्त केलंत, म्हणून मला तसं लिहिता आलं."

"म्हणजे मी पहिल्याच दिवशी कुलूप लिहिलं असतं तर..."

"तर मार्चमध्येच काम झालं असतं."

मला हसू आलं, छोटे. मग ते हसू थांबेना. मालकांनी मला आत नेऊन बसवलं, त्याच खुर्चीत.

सवा महिना मी कंपनीच्या भीतीनं खोटं बोलते आहे असं मला वाटत होतं. कंपनीला त्या कुलपाचं काही पडलेलं नव्हतं. मी ते तुझ्यापासून लपवत होते.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. एक गोष्ट झाली आहे, ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आग नेमकी किती वाजता लागली त्याचा मेळ बसत नव्हता, म्हणून कंपनीनं घरातल्या फोनची नोंद मागितली. तो फोन मीच घेतला होता, आईसाठी. आकड्यांऐवजी फोटो असलेली मोठी बटणं. एकावर माझा फोटो, एकावर तुझा. ती तुला कधीमधी फोन करायची हे मला माहीत होतं. तू मला ते कधी म्हणाली नाहीस, मीही दाखवलं नाही. मला वाटायचं, निदान एवढं तरी चालू आहे.

मी अर्ज करून नोंद आणली. नऊ फेब्रुवारी. चार वाजून दोन मिनिटं, माझा नंबर, शून्य सेकंद. चार वाजून तीन मिनिटं, माझा नंबर, शून्य सेकंद. चार वाजून सहा मिनिटं, तुझा नंबर. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

ते पान मी फाईलला लावलं. लपवायचं नाही असं ठरवलंय. कार्यालयातल्या बाईंनी फक्त वेळ बघितली, पेननं खूण केली आणि पान उलटलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

मी मात्र दोन दिवस त्या तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बसून आहे. दुपारी चार वाजले की थापा येतात, मी मोजते, आणि मध्येच त्या थांबतात. आता कळतं, ती फोनकडे गेली असेल.

मी तुला जाब विचारत नाही. मला तो हक्कच नाही, माझे दोन कॉल शून्य सेकंदांचे आहेत. सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर हे पत्र फाडून टाक. मी तुझा एक कागद फाडला आहे, फिट्टंफाट होईल.

ताई


३ मे

छोटे,

तुझी आठ पानं मिळाली. सोबत सही केलेलं संमतिपत्रही. मी पानं आधी वाचली.

तू लिहितेस, मी हे वाचून तुझं तोंड बघणार नाही. म्हणून आधीच सांगते, मी ती तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, या बाईला माझ्याजवळ बसवायला हवं.

आई म्हणाली, "घरात धूर झालाय." आणि तुला ते खरं वाटलं नाही. कसं वाटणार? आदल्या आठवड्यात घरात पाणी शिरलं होतं. त्याच्या आधी चोर शिरले होते, त्यांनी तिची वेणी कापून नेली होती. तू ऑफिसच्या जिन्यात उभी होतीस, आत लोक खोळंबले होते, आणि तू दरवेळी करतेस तेच केलंस, तिच्या कलानं घेतलंस. "धूर झालाय का? मग खिडकी उघड बघू. उघडलीस? आता खुर्ची घे आणि हवेशीर बस. ताई येतेच आहे." ती म्हणाली, "बरं." तू फोन ठेवलास आणि संध्याकाळी मास्तरांचा फोन आला.

तू लिहितेस, कुलपाचं तू मला विचारलंस, कारण कुलूप असलं तर दोष माझा आणि नसलं तर तुझा. ती बाहेर पडू शकत असूनही केवळ तू बस म्हणालीस म्हणून बसून राहिली, असं तर नाही ना, एवढंच तुला हवं होतं. आणि माझं कबुलीपत्र वाचून तुला सुटल्यासारखं वाटलं, मग त्या सुटकेचीच लाज वाटली. छोटे, मी चार वाजता खुर्चीत झोपले होते आणि उठून गुणगुणत निघाले होते. तुझ्या लाजेला माझ्याकडे जागा आहे.

आणि खिडकीचं. तू लिहितेस, वारा आत आला म्हणून आग भडकली, म्हणजे ती तूच पेटवलीस. जवळजवळ तीन महिने तू हे घेऊन हिंडते आहेस.

अग्निशमनच्या अहवालाचं तिसरं पान मी कधी वाचलं नव्हतं. कुणी वाचून दाखवायला लागलं की मी उठून जायचे. तुझी पानं घडी करून ठेवली आणि ते वाचलं. समोरच्या इमारतीला रंग देणारा एक रंगारी बांबूच्या परांचीवर उभा होता, त्याचा जबाब आहे त्यात. तो सांगतो, "चारच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकी उघडली. खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं हवा खायला बसल्यात. माझ्याकडे बघून त्यांनी हात केला, मीपण केला. मग त्यांच्या मागून धूर येताना दिसला, तेव्हा मी फोन लावला." खिडकी बंद असती तर धूर कितीतरी उशिरा दिसला असता, असं अधिकाऱ्यांनी खाली लिहिलं आहे. समोरच्या घरातल्या दोघांना त्यामुळे वेळेत खाली आणता आलं. मास्तर आणि त्यांची बायको, छोटे. ती उठून चालू शकत नाही. आग खिडकीमुळे वाढली असं त्यात कुठेही नाही. ती तोवर कपाटापर्यंत आलेलीच होती. आई धुरानं गेली. आगीनं नाही.

आणि ती दारापाशी नव्हती. "खिडकीखाली, खुर्चीत बसलेल्या स्थितीत." मी आजवर तिला दारावर मरू देत होते. रोज. तिनं थापा मारल्या, मला फोन केला, परत केला, मग तुला केला, आणि तू उचललास. तुझं ऐकून ती दार सोडून गेली. तिला कुणीतरी काय करायचं ते सांगितलं आणि तिनं ते केलं. शेवटी तिनं एका अनोळखी माणसाला हात केला.

यामुळे आपलं काही माफ होतं असं मी म्हणत नाही. तिला किल्ली हवी होती आणि ती माझ्याकडे होती. तिला विश्वास ठेवणारं माणूस हवं होतं आणि तेव्हा तू जिन्यात होतीस. मास्तर कूस बदलून झोपले. आपण तिघं एकमेकांना बघून यापुढे कसे जगणार ते मला कळत नाही. पण एकटीनं तर मुळीच जमणार नाही, हे मला आता कळलंय, सहा वर्षं उशिरा. तू तेव्हाच म्हणाली होतीस.

क्लेम मंजूर झाला. झीज वजा जाऊन, पण झाला. घर उभं राहील, मास्तरांची भिंतही. रकमेआधी एका कागदावर दोघींनी अधिकाऱ्यासमोर सही करायची आहे, टपालानं चालत नाही. मी त्या बाईंना म्हटलं, माझी बहीण लांब असते, येईल की नाही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग तारीख कुठली देऊ?" मी मंगळवार सांगितला. नऊ मे, सकाळी अकरा.

सहीला वेळ लागणार नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण तू सोमवारीच ये. मी दुकानातून रजा घेतली आहे. मालकांनी विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, माझी बहीण येणार आहे. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, तू अजून हो म्हणालेली नाहीस.

खोलीत खाट एकच आहे. तू भिंतीच्या बाजूला झोप.

तुझी,
ताई